‘मावशी, मी काहीही करेन’

मागच्या दिवाळीत चार दिवस कराडला जायला मिळालं. मिळालं म्हणजे काय तर आमच्या सिरियलची एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, बरी होती म्हणून सुट्टी सुटली, नाहीतर आमची दिवाळी सेटवरच होते आणि ती पण आठवडाभर आधी. तर फराळाचं ताट पुढ्यात, चकली तोंडात, आणि चुलत बहिणीने नेमकी तीच वेळ साधली. "अगं ह्याच्याशी जरा बोल की, पिक्चर पिक्चर करून डोकं खाल्लंय माझं." हा म्हणजे तिचा थोरला, एकवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला टेकून मोबाईल बघत असल्याचं नाटक करत उभा होता.

"मावशी, मला पण घे ना तुमच्या लायनीत."

"कुठल्या कामाला?"

"कुठल्या पण. मी काहीही करेन."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. इन्स्टावर येतं, व्हॉट्सॲपवर येतं, एकदा बँकेत केवायसी करायला गेले तर काउंटरच्या पलीकडून आलं. आणि दरवेळी मला कळत नाही की ह्यांना कसं सांगू, बाबांनो तुमची तयारी खरी आहे पण ह्या वाक्यावर काम मिळत नाही. सकाळी सातच्या शिफ्टला सेटवर साठ-सत्तर माणसं असतात, प्रत्येकाला माहीत असतं आपण कुठे उभं राहायचं, कुणाची पेटी उघडायची आणि कुणाच्या पेटीला हात लावायचा नाही. लाइटवाल्याने ड्रेसचा हँगर हलवला तरी भांडण होतं. ह्यात ‘काहीही’ नावाचं डिपार्टमेंटच नाहीये. त्यामुळे काहीही करणारा पोरगा आला की तो कुणाचाच नसतो, दिवसभर सगळ्यांच्या फ्रेममध्ये येतो, सगळ्यांच्या शिव्या खातो, आठव्या दिवशी गावी जातो आणि तिकडे सांगतो की इंडस्ट्रीत ओळख लागते.

ओळख लागते हे खोटं नाही. मी पण ओळखीनेच आले, पण ओळख दारापर्यंत नेते, आत गेल्यावर पहिला प्रश्न असतो तुला काय येतं.

माझं सांगते. मी बी.कॉम., कराडलाच एका सीएकडे दोन वर्षं बिलं लावायचं आणि टॅली मारायचं काम केलेलं. २०११ ला ठाण्याला आत्याकडे नोकरी शोधायला आले. आत्याच्या बिल्डिंगमधले एक काका सिरियलचे प्रॉडक्शन मॅनेजर होते, घोडबंदर रोडला त्यांचा सेट होता, आणि त्यांना व्हाउचर लिहायला माणूस हवा होता. लोकांना वाटतं सेटवर फक्त नट आणि कॅमेरा असतो, पण सेटवर सगळ्यात जास्त फिरते ती रोख रक्कम. टेम्पो, रिक्षा, खिळे, केळीची पानं, बर्फ, झेंडूची फुलं, एका सीनपुरती भाड्याने आणलेली शेळी. शेळीवाला पावती देत नाही. ती शेळी हिशोबात कशी बसवायची हे मला येत होतं, एवढ्या भांडवलावर मी ह्या लायनीत आले. सिनेमाची आवड होती का, होती ना, भरपूर होती, पण त्याबद्दल मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

प्रॉडक्शनचं टेबल मॉनिटरच्या मागे होतं. चार महिने हिशोब लिहिता लिहिता मी सीन बघायचे. एक दिवस नट फोन उचलून बोलतोय असा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला शॉट, चालला होता आणि मी नकळत मोठ्याने बोलून गेले, "अहो मघाशी त्यांनी डाव्या हाताने उचलला होता." सगळे गप्प. डिरेक्टर सरांनी वळून बघितलं, मला वाटलं आता आपली रवानगी, तर त्यांनी मागचा शॉट परत चालवायला लावला आणि फोन डाव्या हातात होता. कंटिन्यूटी बघणाऱ्या मुलीचं तेव्हा लग्न ठरलेलं, ती महिन्याभराने जाणार होती, मग तिच्या हाताखाली मला बसवलं. काकांनी पुढे कित्येक दिवस तोंड फुगवलं होतं कारण त्यांचा हिशोब परत बोंबलला. पण खरं सांगते, दोन्ही कामात नजर एकच लागते. तिकडे रुपया जुळला नाही की झोप नाही, इकडे पदर जुळला नाही की झोप नाही.

आता कंटिन्यूटी म्हणजे काय ते सांगते कारण घरच्यांना अजून वाटतं मी तिथे वही घेऊन बसते. वही घेऊनच बसते पण त्या वहीत काय असतं ते ऐका. सिरियल गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही, सेटच्या आणि नटांच्या तारखांच्या हिशोबाने होते. म्हणजे आज बेडरूमचं लायटिंग लागलंय ना, तर पुढच्या पाच एपिसोडचे बेडरूमचे सगळे सीन आजच. सकाळी नवरा-बायकोचं भांडण, दुपारी समेट, आणि संध्याकाळी भांडणाच्या आदल्या दिवसाचा सीन जिथे ती त्याला हसून चहा देते. आणि भांडून ती बेडरूममधून बाहेर आली की हॉलमध्ये जे होतं ते शूट होणार परवा, नाहीतर दहा दिवसांनी. तेव्हा तिच्या केसांचा क्लिप कुठे होता, पदर खोचलेला होता की सोडलेला, उजव्या हातात पाच बांगड्या होत्या की सहा, डोळ्यात पाणी कितपत होतं, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे मी.

घड्याळाचं तर मी पहिल्याच आठवड्यात शिकले. सेटवरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद असतं, सेल काढून ठेवलेला असतो, कारण एक सीन करायला दोन तास लागतात आणि सीन असतो तीन मिनिटांचा, मागे काटे पळत राहिले तर एका वाक्याला साडेचार आणि पुढच्या वाक्याला सव्वासहा. आर्टचा मुलगा स्टुलावर चढून सीनप्रमाणे काटे फिरवतो. समईचं तसंच, वात किती जळली, तेल किती उरलं. जेवणाचे सीन तर नकोच वाटतात. नवीन नट पहिल्या टेकला भुकेपोटी दोन पुरणपोळ्या खातो आणि मग मास्टर म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, त्याचा क्लोज, हिचा क्लोज, सासूची रिॲक्शन असं करत प्रत्येक वेळी त्याला तेवढंच खावं लागतं, सातव्या टेकला बिचाऱ्याचा चेहरा बघवत नाही. जुने नट भातात नुसती बोटं फिरवतात आणि डाळ वाढ म्हणतात, बघा आता तुमच्या टीव्हीवर.

आणि गजरा. ह्या गजऱ्याने माझं नाव पाडलंय.

वाईला शूट होतं, नायिका देवळातून धावत येते आणि वाड्याचं दार ढकलून आत जाते. दार वाईचं आणि दाराच्या आतला हॉल ठाण्याचा, असं आमच्याकडे नेहमीच असतं, एका पावलात शंभर-दोनशे किलोमीटर. आता सेटवर गजरा कधीच खरा वापरत नाहीत, ड्रेसवाल्यांकडे कापडी गजरे असतात, कारण मोगरा दुपारपर्यंत मान टाकतो आणि सीन संध्याकाळपर्यंत चालतो. पण त्या दिवशी बाजारात फुलं सुंदर आली होती, मॅडमनी हौसेने खरा गजरा माळला, उजव्या बाजूला, असा खाली सोडलेला. मी वहीत लिहिलं, ‘गजरा आहे’. बस. समोरून फोटो काढला, पाठीमागून काढला नाही, घाई होती, ऊन जात होतं. अकरा दिवसांनी ठाण्यात हॉलचा सीन लागला, मी वही बघून ड्रेस दादांना सांगितलं गजरा आहे, त्यांनी आपला कापडी काढला, जाडजूड, आणि डावीकडून लावला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझं तर तेवढंच काम.

टेलिकास्ट झाल्यावर अर्ध्या तासात फेसबुकवर दोन फोटो शेजारी शेजारी, लाल गोल करून, वर लिहिलेलं ‘दारातून आत येताना गजरा पण वळला’. खाली हजारभर हसणारे इमोजी. चॅनलच्या क्रिएटिव्हने तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह. डिरेक्टर सर एक शब्द बोलले नाहीत, त्यांनी त्या फोटोची प्रिंट काढून मॉनिटरच्या कडेला चिकटवली आणि महिनाभर ती तिथेच होती. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी प्रत्येकाचा पाठमोरा फोटो काढते, नटाचा, बसलेल्या म्हाताऱ्याचा, मांजर असेल तर मांजराचा पण. युनिटमध्ये मला पाठमोरी ताई म्हणतात, आणि आता मी चीफ असिस्टंट डिरेक्टर झाले तरी तेच नाव आहे.

तर हे सगळं मी भाच्याला सांगत होते आणि तो म्हणाला, "मग मी पण कंटिन्यूटी करतो."

हे दुसरं. आपण ज्याचं ऐकलं तेच करायचं. मी म्हटलं तुला काल आईने कुठली साडी नेसली होती सांगता येईल का, तर तो म्हणे काल ती घरी होती का. मग सोड.

मी त्याला सांगायला लागले की बघ, सेटवर जी कामं आहेत ना ती अर्धी तुला कराडात दिसतील. सेट लावणारे सेटिंगवाले म्हणजे मूळचे सुतार, पेंटर, पीओपीवाले. ही काय आजची गोष्ट नाही, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, हाताने यंत्रं जोडायचे, त्यातून स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि सिनेमाची कंपनी काढली. त्यांच्या हाताखाली जी माणसं तयार झाली त्यातले दामले आणि फत्तेलाल पुढे प्रभात फिल्म कंपनीचे मालक, फत्तेलाल सेट बघायचे आणि दामले साउंड. कुणी त्यांना विचारलं नसेल तुझं पॅशन काय. ड्रेसमध्ये असतात ते शिंपी, रात्रीत ब्लाउज बेतणारे, आणि नुसतं शिवणं नाही, पावसाचा सीन असला तर त्याच साडीच्या तीन साड्या लागतात कारण दुसऱ्या टेकला ती कोरडी पाहिजे. आणि हेच काम वरच्या पायरीवर नेलं तर कोल्हापूरच्याच भानू अथैय्या, जे.जे.त चित्रकला शिकल्या, मासिकासाठी कपड्यांची चित्रं काढली, तिथून सिनेमाच्या कपड्यांकडे आल्या आणि १९८३ साली ऑस्कर मिळालं, आपल्या देशातलं पहिलं. लाइटमध्ये आयटीआय वायरमन झालेली पोरं लागतात, जनरेटर, लोड, अर्थिंग कळणारी, तिथे अर्धवट माहिती असलेला माणूस असला तर जिवावर बेततं. डेटावाला म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड कॉपी करणारा, त्याला काही हुशारी लागत नाही फक्त अंगात कमालीचा संथपणा लागतो. एका घाईवाल्या पोराने दुसरी कॉपी व्हायच्या आत कार्ड फॉरमॅट केलं होतं आणि आम्ही अख्खा श्राद्धाचा सीन परत केला, त्यातला कावळा दुसऱ्या वेळी आलाच नाही. शिवाय एडिट, प्रोमो, सबटायटल, ती मंडळी तर सेटवर येतच नाहीत, अंधाऱ्या खोलीत रात्रभर एसीत बसलेली असतात आणि आम्हाला शिव्या घालत असतात.

बहीण मध्येच म्हणाली, "आणि मेकअप? धाकटीला पार्लरचा कोर्स करायचाय."

मेकअपचं ऐकून मी जरा सरसावूनच बसले, कारण हे फार लोकांना माहीत नाही. मी आले तेव्हा मुंबईत बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळायचं नाही. असोसिएशनचा नियमच तसा. बायकांनी फक्त हेअर करायचं, मेकअप पुरुषांनी. म्हणजे व्हॅनमध्ये बाई लपून मेकअप करायची आणि चेकिंगला माणसं आली की हातातला ब्रश टाकून कंगवा घ्यायची. काही जणी कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. त्या आठवड्यात आमची हेअर करणारी ताई पेढे घेऊन आली होती, तिने पंधरा वर्षं कंगव्याच्या नावाखाली मेकअप केलेला. आज धाकटीने पार्लरचा कोर्स करून यायला काहीच हरकत नाही, फक्त लग्नाचा मेकअप आणि कॅमेऱ्याचा मेकअप ह्यात फरक असतो, कॅमेऱ्यासमोर तीच चेहरेपट्टी बारा तास आणि पुढचे सहा महिने जशीच्या तशी ठेवायची असते.

तसं बघितलं तर ह्या लायनीतली पहिली पडद्यामागची माणूस बाईच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला पहिला चित्रपट आणला तेव्हा सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत होत्या, ती धुवत होत्या, आणि वर युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. मला नेहमी वाटतं की एवढी डिपार्टमेंटं एका बाईकडे होती तरी तिला ‘काहीही करेन’ म्हणायची गरज पडली नव्हती, तिला प्रत्येक काम नावाने माहीत होतं. असो, फाटे फुटतात माझे.

मग मी भाच्याला सरळ विचारलं, "तू दिवसभर करतोस काय?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे? झोपतोस?"

"काकाच्या मंडपाच्या धंद्यात असतो."

"तिथे काय करतोस?"

"साउंड लावतो."

आता हे त्याने इतक्या खालच्या आवाजात सांगितलं जसं काय चोरीच्या मोटरसायकली विकतो. मी खोदून विचारलं तर हळूहळू बाहेर आलं. लग्नं, सप्ताह, कीर्तन, प्रचारसभा, गणपती. कीर्तनात मृदंगाचा माईक बुवांच्या माईकपासून किती लांब ठेवायचा म्हणजे शिट्टी येत नाही. स्पीकरमध्ये घरघर आली तर ती अर्थिंगची आहे की केबलची हे तो केबल हलवून ओळखतो. समोरासमोर दोन लग्नं असली आणि दोन्हीकडे कॉर्डलेस माईक असले की एकाचे गुरुजी दुसऱ्याच्या मंडपात ऐकू येतात, तर तेव्हा चॅनल बदलायचा. सोल्डरिंग येतं. केबल गुंडाळताना एक वेढा सुलटा एक उलटा घ्यायचा म्हणजे पीळ बसत नाही, हे त्याला काकाने थोबाडीत मारून शिकवलेलं.

मी म्हटलं गाढवा, हे मला पहिल्या वाक्यात का नाही सांगितलंस.

तर म्हणतो, "ते काय पिक्चरचं नाय ना."

बघा म्हणजे. सिरियलच्या साउंडला दुसरं काय असतं. नटांच्या कपड्यात लेपल माईक, ते कॉर्डलेसच, वरून बूम म्हणजे लांब दांडीच्या टोकाला लावलेला माईक, आणि रेकॉर्डिस्ट कानाला हेडफोन लावून बसलेला, की फ्रिजची घरघर आली, पंखा बंद करा, शेजारी कुणीतरी ड्रिल मारतंय जाऊन थांबवा. ज्याला घरघर ऐकू येते असा कान तयार व्हायला वर्षं जातात आणि ह्याचा सप्ताहात बसून तयार झाला होता.

कोर्सचं विचारलंच त्याने, सगळेच विचारतात. मी काय कोर्सच्या विरोधात नाहीये. पुण्याचं एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, १९६० पासून आहे, ते उभंच आहे प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत, तिथे साउंडचा तीन वर्षांचा कोर्स आहे, आणि तिथून आलेल्या माणसाच्या कानात आणि आमच्या कानात फरक पडतो हे मी रोज बघते. पण तिथे पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते आणि जागा मोजक्या, आणि ह्याचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला लटकलेलं. तिथलेच छोटे कोर्स पण २०१७ पासून वेगवेगळ्या गावात चालतात, त्यावर नजर ठेव म्हटलं. मात्र तीन महिन्यात सिनेमा शिकवतो आणि जॉबची गॅरंटी देतो म्हणणारे जे आहेत त्यांच्या दारात जाऊ नकोस. आमच्याकडे एक पोरगी आली होती असाच दीड लाखाचा कोर्स करून, तिला कॉल शीट, म्हणजे कुणी किती वाजता यायचं आणि कुठले सीन आहेत तो कागद, वाचता येत नव्हती. आणि कुणी म्हणालं की आधी पैसे भर मी तुला युनियनचं कार्ड काढून देतो, तर फोन ठेवायचा. कार्ड त्या त्या कामाच्या असोसिएशनकडे मिळतं, त्यांच्या ऑफिसात स्वतः जाऊन, आणि त्याच्या आधी चार ठिकाणी हाताखाली काम केलेलं असावं लागतं म्हणजे कुणीतरी तुझ्यासाठी शब्द टाकतं.

आणि सुरुवात मुंबईत येऊनच करायला पाहिजे असं अजिबात नाही. लोक गोरेगावच्या फिल्मसिटीच्या गेटवर उभे राहतात, तिथे वॉचमनशिवाय कुणी भेटत नाही. त्यापेक्षा सातारा, वाई, भोर, कोल्हापूरची चित्रनगरी, नाशिक, इथे सतत युनिट येतात, आणि बाहेरगावी आलं की युनिटला हमखास माणूस कमी पडतो, कारण मुंबईहून आणलेल्या प्रत्येक माणसाला लॉजची खोली लागते आणि प्रॉडक्शनला खोल्यांचं जाम जिवावर येतं. गावातला माणूस घरी झोपतो. ह्या एका कारणावर किती जणांना पहिलं काम मिळालंय काय सांगू. जायचं कुणाकडे तर डिरेक्टरकडे नाही, त्याला तोंड वर करायला वेळ नसतो, आपल्याला जे काम येतं त्या डिपार्टमेंटचा जो असिस्टंट बाहेर पेट्या उतरवत असतो त्याच्याकडे.

आता पैशाचं. हे मी भाच्याला नाही, बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं. टीव्हीत पैसे नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे एप्रिलमध्ये, ते पण सगळं नीट चाललं तर. पहिले तीन महिने खिशातून जेवायची आणि भाड्याची सोय पाहिजे, जी पोरं परत जातात त्यातली निम्मी काम येत नाही म्हणून नाही तर ह्या तीन महिन्यांमुळे जातात. मला एका निर्मात्याने सत्तेचाळीस दिवसांचे पैसे दिलेच नाहीत, सिरियल बंद झाली, ऑफिसला कुलूप, फोन आधी उचलायचे मग नाही. ते पैसे मी अजून वहीत लिहून ठेवलेत, सीएकडची सवय. शिफ्ट बारा तासांची म्हणतात पण पॅक अप म्हटल्यावर पण एक सीन निघतो. पगारी सुट्टी नाही, पीएफ नाही. १९ मार्च २०२० ला शूटिंग बंद झालं तेव्हा आम्हाला वाटलं दहा दिवस, पुढचा क्लॅप पडेपर्यंत जुलै उजाडला. आमचे स्पॉट दादा, म्हणजे सेटवर चहापाणी बघणारे, त्या काळात भाजी विकत होते आणि मी आत्याच्या बिल्डिंगमधल्या तीन जणांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरले. मग २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात परत बंदी, तर युनिटं उचलून गोव्याला, एका रिसॉर्टमध्ये आम्ही कोल्हापूरचं घर उभं केलं, दोन आठवडे झाले नाहीत तर मे महिन्यात गोव्याने पण परवानगी काढून घेतली. त्या घराच्या खिडकीतून माड दिसायचे आणि ते लपवायला आर्टवाल्यांनी पडदे लावले, माझ्या वहीत अजून लिहिलंय, ‘पडदा लाल, उघडू नये’.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंडपात तरी कुठे वेळेवर देतात." हे पण खरंच.

फेब्रुवारीत वाईला आमचंच बारा दिवसांचं शेड्युल लागलं. साउंडच्या दादांचा एक माणूस कांजिण्यांनी आडवा होता. मी त्यांना सांगितलं, माझा भाचा आहे, कराडचा, मंडपाचं साउंड करतो, केबलला आणि बूमला चालेल, राहायची खोली नको, मित्राकडे झोपेल. ‘फार मेहनती आहे’ असलं काही बोलले नाही. ते म्हणाले पाठव. पहिल्या सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी हा हजर, पांढराशुभ्र शर्ट घालून. साउंड दादांनी शर्टाकडे बघितलं आणि म्हणाले उद्या काळा. पांढरा शर्ट काचेत दिसतो, हे काय त्याला कराडात कळणार होतं थोडंच. पण दुपारी जेवणाच्या ब्रेकमध्ये ह्याने कुणी न सांगता सगळ्या केबल गुंडाळून ठेवल्या, एक वेढा सुलटा एक उलटा, आणि दादा ताट हातात घेऊन नुसते बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, हा कुणाकडे शिकला?

बूम धरणं म्हणजे हात डोक्याच्या वर सरळ, टोकाला माईक, फ्रेमच्या बरोब्बर वर, खाली आला तर दिसतो, वर गेला तर आवाज जातो, सावली पडली तर कॅमेरामन ओरडतो. पहिल्या दिवशी त्याची सावली चार वेळा पडली, नायिकेच्या कपाळावरच. चौथ्या वेळी कॅमेरामन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी एकदाही पडली नाही. पाचव्या दिवशी त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, हात खांद्याच्या वर जात नव्हते, आमच्या हेअरच्या ताईंनी त्याला बाम चोळून दिला. बारा दिवस संपले, कांजिण्यावाला परत आला, तरी दादांनी ह्याला सोडलं नाही, आता एप्रिलपासून ठाण्याच्या सेटवर आहे, चार पोरांबरोबर खोली घेऊन राहतो. पैसे अजून आलेले नाहीत. बी.ए.चं मी रोज विचारते आणि तो रोज हो हो म्हणतो.

परवा बहिणीचा फोन आला होता, तिने आधी त्यालाच लावला होता म्हणे. बाकी सगळं विचारून झालं, जेवतोस का, कपडे कोण धुतं, आणि मग तिच्याच्याने राहवेना म्हणून तिने विचारलं, "ती हिरोईन जवळून कशी दिसते रे? टीव्हीत दिसते तेवढी गोरी आहे का?"

तर हा म्हणाला, "काय माहीत. बांगड्या लय वाजतात तिच्या, आतून टेप लावायला लागते."